चिकाचा डाग

१

बन्सीलालच्या लॉन्ड्रीत शिरलं की गिऱ्हाइकाला आधी पाटी दिसते, मग देवाचा फोटो. पाटी लाल अक्षरांत, खुद्द बन्सीलालआबांनी रंगवलेली: 'केळीच्या चिकाचा डाग निघत नाही. आग्रह करू नये.' बाकी शाई आणा, ग्रीस आणा, पंगतीत सांडलेली शेवभाजीची तर्री आणा, आबा म्हणायचे, आणि परवा येऊन कपडा घेऊन जा. केळी कापणाऱ्याच्या अंगावर एकदा चीक पडला की तो कपडा कापणीचाच झाला. त्याला घरात जागा नाही, ओसरीवरच्या खुंटीला लटकायचं.

अशा माणसाने सून केली ती नेमकी असोद्याच्या केळीवाल्याची. "ज्याच्या सदऱ्यावरचा डाग आपल्याच्याने निघत नाही, त्याचीच पोरगी आपण घरात आणली," असं आबा लग्नात सगळ्यांना सांगत हिंडले. पण मृणाली माहेरून परत आली की आबा आधी तिचे तळहात उलटेपालटे करून बघायचे. बोटाला चिकाचा काळा ठिपका दिसला की तो झिजून जाईपर्यंत धुतल्या कपड्याला हात लावायची मनाई. चिकाचा हात धुलाईला चालत नाही, हा लॉन्ड्रीतला पहिला नियम होता.

आबा गेले. गल्ला मुलाकडे, राकेशकडे आला आणि डाग मृणालीकडे. दोघांमध्ये जास्त तरबेज कोण, हे जळगावात कुणाला विचारायची गरज नव्हती. डाग दिसला की मृणालीला तो आपल्याला कुणी डिवचल्यासारखा वाटे. बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर मळकी दिसली तरी तिचे हात शिवशिवायचे. म्हणून घरात पांढराशुभ्र सोफा आणायचं तिने ठरवलं तेव्हा राकेशला नवल वाटलं नाही. जळगावची धूळ, मे महिन्यातली वावटळ, घरात सात वर्षांची लेक साक्षी. असल्या घरात पांढरा सोफा सांभाळून दाखवला की सगळ्या कॉलनीची तोंडं बंद होणार होती.

सोफा मिळाला धुळ्यात. देवपुरातले एक गृहस्थ घरातलं सामान काढत होते. बंगला मोठा आणि माणूस एकटा, अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. भिंतीवर एका ओळीत लाकडी चौकटी होत्या. फोटो काढून घेतलेले दिसत होते, आत नुसते पांढरे कागद राहिले होते. मृणालीने सोफ्यावरून हात फिरवला. शिवण घट्ट, कापड जाड, डागाचं नाव नाही.

"इतका स्वच्छ कसा ठेवलात हो?" तिने विचारलं.

"ठेवावा लागत नाही," ते म्हणाले.

मृणाली मनात हसली. घरातल्या बाया राबून राबून मेल्या असतील आणि हे म्हणतात, ठेवावा लागत नाही. पुरुषांना असंच वाटतं.

२

सोफा पाडव्याला घरात आला आणि त्याच्याबरोबर कायदेकानूही आले. बसायचा मान पाहुण्यांचा. घरच्यांनी खाली सतरंजीवर बसायचं. सोफ्यावर खाणं नाही, पिणं नाही, डोक्याला तेल लावून टेकणं नाही. रोज सकाळी मऊ ब्रश, आठवड्याला खायचा सोडा भुरभुरून झटकणं. आणि मृणाली स्वतः? ती त्याच्यावर एकदाही बसली नाही. हळदीचा हात, फोडणीचा पदर, कशाला जोखीम?

पहिला डाग पडला तो रविवारी. राकेशचे मित्र जेवायला होते, आणि त्यातल्या एकाने कायदा न जुमानता शेवभाजीची वाटी सोफ्यावर नेली. जे व्हायचं तेच झालं. लालभडक तर्री बैठकीच्या मधोमध सांडली आणि तळहाताएवढी पसरली. तो बिचारा पाहुणा उभाच राहिला. "असू द्या हो," असं दातओठ खात म्हणून मृणाली आत गेली आणि भुकटी, साबण, ब्रश घेऊन बाहेर आली.

डाग नव्हता.

"पुसला कुणी?" तिने विचारलं. कुणीच पुसला नव्हता. सगळे हात धुवायला मोरीवर गेले होते. तिने वाकून वास घेतला. कापडाला मसाल्याचा वास नव्हता, कशाचाच वास नव्हता.

सुंठीवाचून खोकला गेला तर माणसाने गप्प बसावं. पण मृणाली डागांतली होती, तिला गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर तिने पाठीमागच्या कोपऱ्यावर शाईचा थेंब टाकला आणि समोर मांडी घालून बसली. थेंब पसरला, वाळला, निळाचा निळाच राहिला. दूध उतू गेलं म्हणून ती आत धावली, गॅस बंद करून आली, तर कोपरा पांढरा. मग हळद, तेल, बुटाचं पॉलिश. लक्ष असेपर्यंत डाग जागचा हलत नसे. पाठ वळली की नाहीसा होई.

"हल्ली कापडाला काहीतरी लेप लावतात," असं तिने स्वतःला समजावलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते समजावणं पुरलं, कारण भिशीच्या बायका येऊन सोफ्याला हात लावलावून बघत होत्या आणि डोळे विस्फारत होत्या. "काय टाकतेस गं याला?" असं त्यांनी विचारलं की मृणाली नुसतं गालात हसायची. "आमची घराण्याची पुडी आहे," ती म्हणायची. त्या बायकांच्या पैठण्या मग लॉन्ड्रीत यायला लागल्या. फुकटचं श्रेय कुणाला कडू लागतं?

३

उन्हाळा चढला. जळगावचा उन्हाळा सांगायला नको. कूलर बाहेरच्या खोलीत, सोफ्यासमोर. मृणालीची सासू लिलाबाई साक्री तालुक्यातल्या खेड्यात वाढलेली, आयुष्यभर जमिनीवर झोपलेली. पण यंदा ऊन बाधलं आणि डॉक्टरांनी दुपारी कूलरसमोर निजायला सांगितलं. ती सतरंजी पसरायला लागली तेव्हा मृणालीनेच तिचा हात धरला.

"आई, खाली नको. सोफ्यावर झोपा. तुमच्यासाठी कसला आलाय कायदा?"

"नको वं माय. मळी जाई."

"नाही मळत. झोपा तुम्ही."

मृणालीचा हा मान मनापासूनचा होता. ही सासू तिला कधी टोचून बोलली नव्हती. साक्षीच्या वेळी तिने रात्र रात्र जागून काढली होती. घरातली सगळ्यात चांगली जागा द्यायची तर तिलाच द्यायची, यात कुणाचं काय चुकलं?

लिलाबाईच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं. उजव्या मनगटाजवळ तुळस, हनुवटीवर एक ठिपका, आणि डाव्या हातावर हिरव्या अक्षरांत धाकट्या भावाचं नाव, कौतिक. जत्रेत गोंदून घेतलं तेव्हा तो कडेवर होता आणि तिच्याहून मोठ्याने रडला होता, ही गोष्ट साक्षीला तोंडपाठ होती. कारण आजी ती दर दोन दिवसांनी सांगायची.

एका संध्याकाळी मृणाली सासूच्या हाताला तेल चोळत होती. चोळता चोळता तिचा हात थांबला. तुळशीची एक फांदी दिसत नव्हती. तिने दिव्याजवळ हात नेऊन पाहिला. वृंदावन होतं, खोड होतं, फांदीच्या जागी नुसती कातडी होती. सुरकुतलेली, पण स्वच्छ.

"म्हातारपणी फिकं होतं गोंदण," राकेश म्हणाला. खरं होतं ते. पण फिकं झालेलं आणि काढलेलं यातला फरक मृणालीला कळत होता. फिकं होतं ते सगळीकडून थोडं थोडं होतं. हे एका कडेपासून धरून, व्यवस्थित, पुढे पुढे सरकत होतं.

आठ दिवसांत तुळस गेली. मग हनुवटीचा ठिपका. मग डाव्या हातावरचं नाव एका बाजूने कमी व्हायला लागलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तसा साक्रीहून कौतिकमामांचा फोन आला. दर आखाजीला ते बहिणीला माहेरी न्यायला येत. एक वर्ष चुकलेलं नव्हतं. मृणालीने फोन सासूच्या कानाला लावला. मामांचा आवाज खोलीभर ऐकू येई एवढा मोठा.

"अक्का, तुले लेवाले येस मी! तयारी कर!"

लिलाबाई नम्रपणे ऐकत राहिली. मग तिने फोन कानापासून दूर धरला आणि मृणालीला हळूच विचारलं, "हाऊ कोन शे?"

"आई, मामा आहेत. कौतिकमामा."

"कोन कौतिक?"

पलीकडे मामा अक्का, अक्का करत राहिले. मृणालीने फोन आपल्याकडे घेतला आणि आईंना बरं नाही, बरं वाटलं की कळवते, असं त्यांना सांगितलं.

४

डॉक्टर म्हणाले, वय झालं. राकेश म्हणाला, वय झालं. मृणालीनेही मान हलवली, आणि घरी येऊन सोफ्यासमोर उभी राहिली. सोफा पांढरा होता. आणला तेव्हापेक्षा जास्त पांढरा.

त्याच्या वरच्या भिंतीवर बन्सीलालआबांचा फोटो होता. रोज त्याला हार घालताना ती त्यांच्या कपाळावर कुंकू लावायची. तिचं लक्ष गेलं, कालचं कुंकू नव्हतं. मग आबांची काळी टोपी बघितली, ती राखाडी झाली होती. आणि टोपीखालचा चेहरा अशा तऱ्हेने उजळला होता की नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो, ते समजत नव्हतं. अजून थोडे दिवस, की चौकटीत नुसता पांढरा कागद उरला असता.

नुसता पांढरा कागद. तिला देवपुरातली भिंत आठवली.

तिने धुळ्याच्या त्या गृहस्थांना फोन लावला. "सोफा? नाही हो," ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडं कधीच सोफा नव्हता."

"अहो, पाडव्याला नेला की आम्ही! तुमच्या घरी आणखी कुणी आहे का? त्यांना विचारा."

"घरी मी एकटाच. पहिल्यापासून एकटाच आहे."

"मग भिंतीवरच्या त्या फ्रेमा कुणाच्या?"

"त्याच तर समजत नाहीत," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

त्या दिवसापासून मृणालीने सासूला आतल्या खोलीत झोपवायला सुरुवात केली. पण जरा डोळा चुकला की लिलाबाई उठून बाहेर यायची. "आठे माले गार लागस," म्हणायची आणि पांढऱ्या गादीवर गाल टेकायची. तिला ओढून आत नेताना मृणालीला रडू यायचं, कारण सासू आता तिला 'ताई' म्हणत होती, अनोळखी बाईला म्हणावं तसं.

मग ती दुपार आली. वीज गेली, कूलर थांबला, आणि घरात कूलरखाली दबलेले सगळे बारीक आवाज वर आले. घड्याळ. नळाचा थेंब. आणि बाहेरच्या खोलीतून आणखी एक आवाज.

स्वयंपाकघरात मृणाली जागच्या जागी उभी राहिली. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. ओल्या कापडावर मऊ ब्रश फिरतो तेव्हाचा आवाज. गोल, हलक्या हाताने, बाहेरून आत. डाग आतून बाहेर घासला तर पसरतो, म्हणून बाहेरून आत घासायचा. हे आबांनी तिला शिकवलं होतं. जो कोण घासत होता, त्यालाही कुणीतरी चांगलं शिकवलं होतं.

ती दारात आली तसा आवाज थांबला. खोलीत कुणी नव्हतं. लिलाबाई सोफ्यावर गाढ झोपली होती, डावा हात पांढऱ्या गादीवर उताणा पडलेला. हातावर नावातला शेवटचा 'क' तेवढा उरला होता. आणि हात मनगटापासून कोपरापर्यंत ओला होता.

५

राकेशने टेम्पो बोलावला. बायकोचं म्हणणं त्याला पटलं होतं असं नाही, पण ओला हात त्यानेही पाहिला होता. "देऊन टाकू कुणाला तरी, नाहीतर जाळून टाकू," तो म्हणाला. टेम्पो दाराशी लागला. माणसांनी सोफ्याला हात घातला, आणि मृणाली ओरडली, "थांबा! ठेवा खाली!"

तिला त्या क्षणी आबा आठवले होते. आबा सांगायचे, डाग कपड्यातून निघाला म्हणजे नाहीसा झाला असं नाही. तो पाण्यात उतरला. पाणी गटारात सोडलं, की मग गेला. सासूचं गोंदण, सासूचा भाऊ, सासूची सून, हे सगळं निघालं असेल तर ते कुठंतरी उतरलं असणार. सोफा घराबाहेर काढणं म्हणजे ते पाणी गटारात सोडणं.

"मला ते परत पाहिजे," ती राकेशला म्हणाली. "सगळं. एकूण एक."

टेम्पो रिकामा गेला. मृणाली ओट्याशी बसून विचार करत राहिली. घासण्याचा आवाज येतो म्हणजे ब्रश आहे. ब्रश काही आपोआप चालत नाही. ब्रश आहे तर हात असणार. आणि हात असेल तर धुलाईचा हात कशाने निकामी होतो, हे या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तिने असोद्याला वडिलांना फोन केला. "नाना, उद्या कापणीवरून सरळ इकडे या. केळीचा ताजा खांब आणा. आणि कपडे बदलू नका."

"खांब कशाले पाह्यजे? पूजा हाय का घरी?"

"पूजाच समजा."

दुसऱ्या दिवशी दुपारी अभिमननाना मोटारसायकलवर आडवा खांब बांधून आले. अंगात कापणीचा सदरा, चिकाने पुढून मागून काळा झालेला. आले आणि रिवाजाप्रमाणे ओसरीवरच बसले. व्याह्याच्या घरात त्या सदऱ्यानिशी त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"नाना, सदरा काढून द्या मला."

"अव, वेडी झाली का तू? हा चीक हाय, मेल्यावरच जाईन."

"तेच तर पाहिजे मला," मृणाली म्हणाली.

लिलाबाईला तिने आतल्या खोलीत साक्षीजवळ बसवलं आणि दार ओढून घेतलं. मग खांबाचे तुकडे करून चीक वाडग्यात गाळला. ताजा चीक पाण्यासारखा दिसतो. रंग नाही, डाग नाही. ज्याला केळी माहीत नाही त्याला वाटावं, पाणीच आहे. मृणालीने ते पाणी सोफ्याच्या बैठकीच्या आणि पाठीच्या मधल्या फटीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओतलं. पांढरं कापड नुसतं भिजलं. साफच तर होतं.

आता चीक काळा पडेपर्यंत खाली जो कोण होता त्याला गुंतवून ठेवायचं होतं. तिने साडीवरून नानांचा सदरा घातला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपल्या सोफ्यावर बसली.

बसायला छान होता. गार. इतका गार की डोळे आपोआप मिटायला लागले. तिने समोरच्या भिंतीवर नजर लावली आणि मुद्दाम सोफ्याकडे पाहिलं नाही.

आवाज सुरू झाला. आधी मांडीखाली, मग पाठीशी. सदऱ्याचा मागचा घोळ कुणीतरी हलकेच ताणून धरला आणि त्यावर ब्रश फिरायला लागला. गोल गोल, बाहेरून आत. ती हलली नाही. ब्रश फिरत राहिला. डाग निघेना. ब्रश दाबून फिरायला लागला, मग दुसऱ्या डागाकडे गेला, मग परत पहिल्याकडे आला.

ओसरीवर कुणीतरी खोकलं. म्हातारा माणूस. कोण असेल बरं, मृणालीला वाटलं. कुणाकडे आला असेल? आणि मग तिचं तिलाच कळलं की काय होतंय. तो सदऱ्याचे डाग सोडून तिच्याकडे वळला होता. तिचे वडील खोकले होते आणि तिला ते ओळखू आले नव्हते.

तिने सदऱ्याची कॉलर वर ओढून नाकाशी धरली. घाम, माती, कच्च्या केळीचा तुरट वास. लहानपणी याच वासाच्या खांद्यावर बसून ती शेतात गेली होती. "नाना," ती मोठ्याने म्हणाली. "माझे नाना. अभिमननाना. असोद्याचे." आणि मग आवाज चढवून तिने पाटी वाचावी तसं म्हटलं, "केळीच्या चिकाचा डाग निघत नाही!"

ब्रश एकदम सदऱ्यावर परत आला. आता त्याची सगळी शिस्त गेली होती. शिकाऊ पोरासारखा तो आतून बाहेर, आडवा, उभा, कसाही खरवडत होता. सोफा हादरत होता. मृणालीने दात आवळले आणि बसून राहिली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत सरकत दाराशी गेलं, तरी ती बसून होती.

मग तिला वास आला. चीक वाळतो तेव्हाचा. तिने मान वळवून फटीत पाहिलं.

पांढऱ्या कापडावर काळपट तपकिरी रेघ उमटली होती, टोकापासून टोकापर्यंत. आणि त्या रेघेतून बोटं वर आली होती. फार वेळ पाण्यात राहिलेली, फुगलेली, सुरकुतलेली, पांढरी फटफटीत बोटं. दोन हातांची नव्हती ती, जास्त होती. आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला चिकाचा काळा डाग लागला होता. बोटं एकमेकांवर घासत होती, घासत होती, आणि डाग निघत नव्हता.

तिने पाहिलं तशी ती आत ओढली गेली. त्यातलं एक जरा मागे राहिलं, कापडावर टेकलं, आणि पांढऱ्या गादीवर स्वच्छ काळा ठसा उमटवून गेलं.

६

तो ठसा गेला नाही. मृणालीने पाठ फिरवली, आत गेली, पाणी प्याली, परत आली. ठसा होता तिथेच होता. आणि त्याच्या शेजारी काहीतरी लालसर वर येत होतं.

तर्री. तळहाताएवढी, बैठकीच्या मधोमध, मसाल्याच्या वासासकट. मग कोपऱ्यातली शाई. हळद, पॉलिश, भिशीतल्या कुणाच्या तरी डोक्याचं तेल. जे जे गेलं होतं ते उलट्या पावली परत येत होतं, आणि ज्या बाईने आयुष्यभर डाग काढले, ती मध्ये उभी राहून लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होती.

"मृणाली!" आतून हाक आली. ताई नाही, मृणाली. "कव्हयनी बठ्ठा घरमा वास येई ऱ्हायना वं! काय सांडी दिनं?"

तर्रीचा वास घरभर सुटून सासूला आतपर्यंत लागला होता. मृणाली धावत आत गेली आणि सासूचा हात हातात घेतला. गोंदण हिरवंगार होतं. तुळस होती, फांद्या होत्या, कौतिक होता. तिने तो हात गालाला लावला आणि हमसून हमसून रडली. लिलाबाईला काही कळेना. तिने सुनेच्या अंगावरचा सदरा बघितला आणि कपाळाला हात लावला. "माय वं! हाऊ चिकाना सदरा घरमा?"

आखाजी टळून गेली होती, पण कौतिकमामा दुसऱ्याच दिवशी आले. दारातूनच त्यांनी "अक्का!" म्हणून आरोळी ठोकली आणि अक्काने त्यांना आधी भरपूर शिव्या दिल्या, उशिरा आल्याबद्दल. भिंतीवरच्या फोटोत आबांची टोपी पुन्हा काळी झाली होती. धुळ्याहून एक फोनही आला. देवपुरातल्या गृहस्थांना बोलता येत नव्हतं, ते रडत होते. मागे बायकांचा, पोरांचा गलका होता की टीव्ही होता, ते मृणालीला नीट कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

सोफा घरातच आहे. जळगावात इतका मळका सोफा दुसरा सापडणार नाही. सगळे त्याच्यावर बसतात, खातात, साक्षी त्याच्यावर रंगपेटी उघडते, आणि नाना आले की कापणीच्या सदऱ्यासकट मधोमध त्यांची जागा ठरलेली. भिशीच्या बायकांनी नाकं मुरडली. मृणालीने त्यांना सरळ सांगितलं, "घराण्याची पुडी संपली."

फक्त कधीतरी दुपारी वीज जाते आणि कूलर थांबतो. तेव्हा खोलवरून, बैठकीच्या अगदी तळातून, बारीक आवाज येतो. ब्रश नाही तो आता. नुसती बोटांवर बोटं घासल्याचा, न थकता, न थांबता.

मृणाली ओट्याशी भाकरी थापत असते. ती मागे वळूनसुद्धा बघत नाही.

"निघत नाही तो," ती तिथूनच ओरडते. "आग्रह करू नये!"